नाकवाले मिस्त्री

बाटलीत पाणीच आहे असं जगदेव मिस्त्रींना आधी वाटलं. कारबोरेटरचे सुटे भाग धुवायला त्यांनी नेहमीची बाटली उचलली होती, बूच काढलं होतं, आणि आत पेट्रोल आहे की रॉकेल ते पाहायला सवयीने ती नाकाखाली धरली होती. काहीच आलं नाही. त्यांनी थोडं तळहातावर ओतून पाहिलं. तळहात गार पडला, ओल कडेकडेने आक्रसत गेली आणि बघता बघता हात कोरडा झाला. पाणी असं उडून जात नाही. पेट्रोलच होतं. त्यांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली, या वेळी डोळे मिटून, आणि छातीत मावेल तेवढा श्वास ओढला. आत गेला तो नुसता वारा. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, म्हणजे जे आत जायचं ते जात होतं. फक्त त्याला ओळखणारं कोणी दारात उभं नव्हतं. मिस्त्रींनी बूच घट्ट लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि रस्त्यावरून कोणी पाहत तर नाही ना, म्हणून मान वळवली. आपण काही चोरी केलेली नाही हे त्यांना कळत होतं, तरी मान वळली.

रस्त्यावर कोणाला वेळ होता? रिसोडच्या बाजारात सोयाबीनची आवक अजून ओसरली नव्हती. गॅरेजसमोरून पोत्यांनी लादलेल्या गाड्या जात होत्या, जीपवाले माणसांना कोंबून कोंबून बसवत होते, आणि धूळ नेहमीसारखी पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसत होती. धुळीलाही वास असतो. सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ वेगळी, डांबरी रस्त्याची वेगळी, पावसाआधीची वेगळी, आणि हे सगळं मिस्त्रींना पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच तर घोळ झाला. माणसाची सगळी इभ्रत आपल्या भाषेने नाकात नेऊन ठेवली आहे. नाक कापलं जातं, नाक वर राहतं, नाक मुठीत धरून उभं राहावं लागतं. जगदेव मिस्त्रींची तर रोजीरोटीही तिथेच होती. तालुक्यात मिस्त्री पुष्कळ, पण 'नाकवाले मिस्त्री' म्हटलं की माणूस न चुकता याच शेडशी यायचा. बॉनेट उघडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, मागच्या नळकांड्याशी वाकायचं, हुंगायचं, आणि सांगायचं, "पेट्रोल कच्चंच जाऊन राह्यलं." लोक एकमेकांकडे पाहत. मिस्त्री ते पाहत. साठीला टेकलेल्या माणसाला एवढं कौतुक पुरतं.

आणि आज सकाळीच त्यांनी त्या नाकाची शपथ घेतल्यासारखं बोलून ठेवलं होतं. शांतीलाल शेठची ती पांढरी छोटी गाडी. नंबर अजून अकोल्याचा, वाशिम जिल्हा वेगळा व्हायच्याही आधीचा. गाडी घरात आली आणि कापडाचं दुकान चाललं, म्हणून शेठ ती विकत नव्हते. मुलगा मयंक नव्या गाडीबद्दल बोलला की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. दिवाळीनंतर ती काळा धूर मारायला लागली होती. प्लग काढले तर काजळीने माखलेले, देवळातल्या दिव्याच्या कोनाड्यासारखे. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत गाडी रिच चालत होती. शेठ हसले होते, "रिच म्हंजे श्रीमंत ना? मंग चालू दे बाप्पा, घरात कोनी तरी श्रीमंत होऊन राह्यलं." मिस्त्रींनी हवेची जाळी बदलली, चोक अडकत नाही ना ते पाहिलं, कारबोरेटर उघडून आतला तरंगता गोळा तपासला, पेट्रोल सोडणारे बारीक जेट धुतले. धूर कमी झाला, पुन्हा आला. गाडी परत आली. त्यांनी पेच आणखी आवळून पेट्रोल आणखी कमी केलं. आज सकाळी शेठ गाडी न्यायला आले ते सुनेला घेऊन. उद्या पौर्णिमा, सगळ्यांना शिरपूरला दर्शनाला जायचं होतं, आणि सून गाडीत बसायलाच तयार नव्हती.

त्रिशला तिचं नाव. अमरावतीची मुलगी, लग्नाला वर्ष व्हायचं होतं, आणि तिसरा महिना. ओढणीचं टोक नाकाला लावून ती शेडच्या बाहेरच उभी राहिली.

"काका, गाडीत पेट्रोलचा वास येतो," ती म्हणाली. "धुराचा नाही. चालू नसली तरी येतो. सीटला, माझ्या कपड्यांना, सगळ्याला येतो."

"घरात आमाले कोनालेच येत नाही," शांतीलाल शेठ म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट लाड होता. "हिची सासू म्हणते, डोहाळे हायेत. कोनाले माती खावीशी वाटते, कोनाले राख. हिले पेट्रोलचा वास येते. तू सांग मिस्त्री. तुयं नाक म्हंजे कोर्ट."

मिस्त्रींनी तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. इंजिनाच्या पोटातलं तेल किती आहे, कसं आहे, ते त्या पट्टीच्या टोकावर कळतं. त्यांनी टोक नाकाशी धरलं, डोळे अर्धवट मिटून हुंगलं, लोक नेहमी पाहतात तसं. मग पट्टी फडक्याने पुसली आणि हसून म्हणाले, "तेल साफ हाय शेठ. कायचा वास न काय. ताई, ह्या दिवसांत असंच असते. आमच्या घरी बी असंच झालं होतं."

ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला खरंच नाही येत?" जाताना गाडीत बसली. काच पूर्ण खाली करून, तोंड बाहेर काढून बसली. जिल्हा कोर्टाच्या निकालाविरुद्ध कुठे जायचं ते माहीत नसलेल्या माणसासारखी.

हे सगळं आता, कोरड्या तळहाताकडे पाहत स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींना पुन्हा दिसलं. शेडच्या मागच्या भिंतीवर देवाची तसबीर होती. ते उठले, उदबत्ती लावली. धूर वळून वर चढला आणि लगेच, अगदी लगेच, चंदनाचा वास आला. जीव भांड्यात पडला. सर्दी असेल, धूळ असेल. ते तसेच उभे राहून हसले. मग त्यांनी डोळे मिटले. वास गेला. डोळे उघडले. धूर दिसला, वास आला. पुन्हा मिटले. एखाद्या पोराने खोलीतला दिवा उगाच चालू-बंद करावा तसं ते बराच वेळ करत राहिले. म्हणजे हा वास नाकातून येतच नव्हता. डोळ्याने धूर पाहिला की मन आपल्या जुन्या कोठारातून चंदन काढून देत होतं. फोडणीचा चर्र आवाज झाला की मोहरी काढून देत होतं. मोगरा दिसला की मोगरा. इतकी वर्षं मन इमानाने माल पुरवत होतं आणि मालकाला पत्ता नव्हता की दुकानात नवी आवक बंद आहे. ही आवक बंद कधी झाली? साथीच्या वर्षी त्यांना ताप आला होता. तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांचा वास गेला होता आणि सगळ्यांचा परत आला. यांचाही परत आला असं यांनी सांगितलं होतं. कोणी विचारलं म्हणून सांगितलं असेल. नाकवाल्या मिस्त्रीचा परत येणार नाही तर कोणाचा येणार?

त्यांना उस्तादांची आठवण झाली. पंजाबराव मिस्त्री, वाशिमला स्टँडच्या पाठीमागे त्यांचं गॅरेज होतं. जगदेव कोवळा असताना त्याच्या डोळ्यांवर ते फडकं बांधायचे आणि पुढ्यात वाट्या ठेवायचे. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, जळकं तेल, ब्रेकचं तेल. चूक झाली की टपली. "डोये फसवते, कान फसवते," पंजाबराव म्हणायचे, "नाक कोनाले फसवत नाही. पन नाकापाशी जाऊन इचारा लागते बाबू, डोयानं इचारून नाही जमत." फडकं बांधण्याचा अर्थ आज, उस्ताद जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, जगदेवांना कळला. उस्ताद भुकेल्या गाडीची आणि माजलेल्या गाडीचीही गोष्ट सांगायचे. भुकेली गाडी फटफट करते, रस्त्यात बसते, मालकाला लगेच कळते. माजलेली चालत राहते. "तिचं दुखनं लवकर समजत नाही, कारन थे खाऊन राह्यली असते. खानाऱ्याले कोनी बिमार म्हनत नाही." जगदेवही रोज जेवत होते, चालत होते, पोरांना शिकवून त्यांनी बाहेरगावी पाठवलं होतं. त्यांना तरी कोण आजारी म्हणणार होतं?

जेवत होते. हा शब्द मनात आला आणि तिथेच अडला, काटा घशात अडावा तसा. कारण जेवणावरून त्यांना रंगूबाई आठवली.

रंगूबाई, त्यांची बायको, किन्हीराजाची. माहेरी काही कार्य निघालं, रोडगे-वरणाचा बेत ठरला की जीप करून तिला नेत, कारण वरणाला फोडणी तिनेच द्यायची असा तिथे दंडक होता. फोडणी बसली की ओसरीवरचे पुरुष बोलायचे थांबत. आणि याच बाईला जगदेवांनी, ताप उतरल्यावर केव्हातरी, ताटावर बसून म्हटलं होतं, "काय वं, तुह्या हाताची चव कुठं गेली?" एकदा म्हटलं असतं तर हवेत विरून गेलं असतं. ते म्हणत राहिले. कधी हसत, कधी ताट सरकवून. भाजी मातीसारखी लागते, वरण म्हणजे गरम पाणी, चहात काय टाकलं, नुसता गोड. रंगूबाई सुरुवातीला भांडली, मग हिंग बदलला, मग गूळ बदलला, तेल बदललं. मग ती तिखट वाढवत गेली. तिखट मात्र त्यांना कळायचं, जिभेला चटका बसायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते म्हणायचे, "हां, आज जमलं." तेव्हापासून घरात रोज ठेचा. गेल्या वर्षी किन्हीराजाला तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. वहिनी, गोमतीबाई, स्वतः न्यायला आली होती. रंगूबाईने हात जोडले. "मले नको सांगू बाई. माह्या हाताले आता चव नाही राह्यली. हेच म्हनतात." जगदेव तिथेच चहा पीत बसले होते. त्यांनी ते ऐकलं होतं. ऐकून त्यांना, खरं सांगायचं तर, थोडं बरंच वाटलं होतं. बायकोने एकदाचं मान्य केलं म्हणून.

मागच्या आठवड्यात तर दूध करपून पातेलं काळं पडलं. ते शेजारीच बसून पेपर वाचत होते. ती अंगणातून धावत आली. "नाकासमोर दूध करपून राह्यलं अन् तुमी बसले!" त्यांनी तिच्यावरच आवाज चढवला होता. आता स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना आपल्या आवाजाची लाज वाटली. एका बाईच्या हाताची चव गेली आणि दुसरीला डोहाळे लागले. दोन्ही निकाल एकाच नाकाने दिलेले, आणि ते नाक कधीचं गेलेलं.

मिस्त्री उठले आणि शेडमध्ये येरझारा घालू लागले. बाकीचं सगळं राहू दे, ते स्वतःला म्हणाले, आधी गाडी. जे डोळ्याने पाहिलं ते खरं, जे कानाने ऐकलं ते खरं. नाकाने ठरवलं तेवढं खोडायचं. मग काय उरतं? हवेची जाळी पाहिली होती. चोक पाहिला होता. गोळा, जेट, सगळं पाहिलेलं. नाकाने ठरवलेली गोष्ट एकच होती. तेल. 'तेल साफ हाय.' आणि तेलाबद्दल डोळ्याने काय पाहिलं होतं? पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. तेव्हा मनात आलं होतं की मयंकने वरून ओतलं असेल. पण मयंक कशाला ओतेल? त्याला बॉनेट कुठून उघडतं हे तरी माहीत आहे का? तेल गाडीत आटतं, जळतं, गळतं. जुन्या इंजिनातलं तेल आपोआप वाढत नसतं. वाढलं याचा अर्थ त्यात दुसरं काही मिसळतं आहे.

पंप. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कुशीलाच बसवलेला असतो आणि त्याच्या आत रबराचा पडदा असतो. पडदा चिरला की पेट्रोल वर जायचं ते जातंच, पण थोडं थोडं खाली तेलातही झिरपतं. तेल तापलं की त्या पेट्रोलची वाफ उठते आणि इंजिन ती नळीने परत ओढून घेतं. गाडी वरूनही पिते आणि खालूनही. वरचे पेच कितीही आवळा, खालचा नळ चालूच. आणि ते पातळ झालेलं तेल घेऊन उद्या सकाळी चार माणसं शिरपूरला निघणार होती. वाटेत इंजिन जाम झालं तर एक वेळ परवडलं. पण पोटात वाफ कोंडलेली गाडी, एखादी ठिणगी, आणि मागच्या सीटवर काच खाली करून बसलेली ती मुलगी. या सगळ्याची वर्दी तिने केव्हाच दिली होती. ते साधं होतं, पट्टी नुसती एखाद्या शेंबड्या पोराच्या नाकाशी धरली असती तर त्यानेही सांगितलं असतं.

शेठच्या घराकडे पायीच निघताना त्यांच्या डोक्यात सगळा बेत तयार होता. सांगायचं की पंपाचा मला भरवसा वाटत नाही, लांबचा प्रवास आहे, बदलून घेऊ, तोवर गाडी चालू करू नका. पंप बदलायचा, तेल बदलायचं, धूर बंद, वास बंद. नाकाचं नावही काढायची गरज नव्हती. गाडी दुरुस्त होईल आणि मिस्त्री नाकवालेच राहतील. उलट लोक म्हणतील, पाहा, घरी येऊन सांगितलं. नाक गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात नवं शिकवणारा कोणी पंजाबरावही उरला नव्हता. बेत चांगला होता. बाजारातून जाताना त्यांना भज्यांची कढई दिसली आणि भज्यांचा वास आला. त्यांनी मुद्दाम तिकडे पाहायचं टाळलं.

शेठकडे जेवणं आटोपत आली होती. सूर्य मावळायच्या आत ताटं उचलायची, हा त्या घरचा नेम. भागिरथीबाई, शेठच्या पत्नी, घाई करत होत्या. त्रिशलाचं ताट जवळजवळ तसंच होतं.

"ये मिस्त्री ये," शेठ हात धुता धुता म्हणाले. "काहून आला? राह्यलं का काही?"

"पंपाचं जरा..." मिस्त्रींनी सुरुवात केली. "जुना हाय न शेठ. लांब जाचं हाय. मी म्हनलं बदलून टाकू. उद्याचं राहू द्या."

"उद्याचं कसं राहीन? पौर्णिमा हाय न उद्या."

"यष्टीनं जा. नाही तर जीप करा. पन गाडी चालू नका करू."

शेठ विचारात पडले. भागिरथीबाई मात्र हसल्या आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, "घे बाई, मिस्त्री बी तुह्याच बाजूनं झाले. सकाळपासून जेवली नाही पोरगी. पेट्रोलचा वास, पेट्रोलचा वास. मी म्हनलं, अगं, नाकवाले मिस्त्री नाही म्हनून राह्यले, मंग आता तुह्या मनाचेच खेय हायेत. माह्या वक्ताले मले ओल्या भिंतीचा वास येत होता. असंच असते."

त्या बोलण्यात काडीचाही दुष्टावा नव्हता. सासू मायेनेच बोलत होती. त्रिशलाही चिडली नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हो आई. असेल तसंच." हे 'असेल तसंच' मिस्त्रींनी आधी कुठेतरी ऐकलं होतं. आवाज वेगळा, शब्द वेगळे, पण तेच. 'माह्या हाताले आता चव नाही राह्यली.' एवढं सगळं स्वच्छ दिसत असताना माणूस आपला खरेपणा असा हातातून खाली ठेवतो, कारण समोरचा फार खात्रीने बोललेला असतो. बेत चांगला होता, पण तो तोंडातून पुढे येईना.

"मनाचे खेय नाहीत बाई," ते म्हणाले. "या. सगळे या. गाडीपाशी या."

अंगणात उजेड अजून होता. त्यांनी बॉनेट उचललं, पट्टी ओढली. तेल सकाळपेक्षाही वर होतं. या वेळी त्यांनी ती स्वतःच्या नाकाजवळ नेली नाही. ओढणी सावरत मागे उभ्या असलेल्या त्रिशलापुढे धरली.

"तुमी सांगा ताई."

तिने लांबूनच तोंड फिरवलं. मग, आपल्याला विचारलं गेलंय हे जणू आत्ता कळल्यासारखी, तिने पट्टी हातात घेतली आणि सासूपुढे केली. भागिरथीबाईंनी वाकून हुंगलं आणि झटक्याने मान मागे घेतली. "अगं बाई! हे तर नुसतं पेट्रोल!" शेठनी हुंगलं. मयंकने हुंगलं. सगळे मिस्त्रींकडे पाहू लागले.

"सकाई तूच म्हनला न, तेल साफ हाय?" शेठ म्हणाले.

"म्हनलो. मले वास नाही आला." मिस्त्रींना वाटलं होतं की हे सांगताना आवाज कापेल. कापला नाही, फक्त लहान झाला. "मले कायचाच वास येत नाही शेठ. पेट्रोलचा नाही, धुराचा नाही. साथीत गेला थो आलाच नाही. मले आज दुपारी समजलं. ताई खरं बोलून राह्यल्या होत्या. डोहाळे नव्हते थे. गाडी खालून पेट्रोल पिऊन राह्यली."

मग शेठनी हळूच विचारलं, "मंग इतके साल गाड्या कशा दुरुस्त केल्या तू?"

"पाह्यत होतो. आयकत होतो. बाकीचं आठवत होतो."

शेठ मोठ्याने हसले असते तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ते हसले नाहीत. भागिरथीबाई सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. बोलली त्रिशलाच. गाडीपाशी आल्यापासून पहिल्यांदा तिने ओढणी नाकावरून काढली.

"काका, मला आता साबणाचाही वास येतो, शेजाऱ्यांच्या भाजीचाही येतो," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीचे वासही मलाच येत असतील."

मिस्त्रींना हसू आलं आणि डोळेही भरले. गाडीची किल्ली शेठकडून मागून घेऊन त्यांनी खिशात टाकली. उद्या कोणीही गाडी चालू करायला नको. शेठनी किल्ली दिली. पुढे गाडी आपल्याकडेच ठेवतील की दुसरीकडे नेतील, हे किल्लीवरून कळत नव्हतं, आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. गावात ही गोष्ट उद्या दुपारपर्यंत पोचणार हे त्यांना ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा रंगूबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. ते दारातच उभे राहून पाहत राहिले. लसणाचा वास यायला लागला. त्यांनी डोळे मिटले. गेला.

"काय झालं? चक्कर येऊन राह्यली का?" तिने विचारलं.

"ठेचा नको करू," ते म्हणाले.

"मंग काय खाता? वरन तर तुमाले गरम पानी लागते."

ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. शेठच्या अंगणात चार माणसांपुढे जे लहान आवाजात का होईना निघालं, ते इथे एकीपुढे निघेना. उस्तादांच्या वाट्या, उदबत्ती, बाटली, सगळं उलटसुलट सांगून झालं तेव्हा कुठे ते मूळ वाक्यावर आले. "तुह्या हाताची चव नाही गेली रंगू. माहं नाक गेलं."

रंगूबाईचा वरवंटा थांबला. ती रडेल असं त्यांना वाटलं, किंवा इतक्या दिवसांचं सगळं एकदम बोलून टाकेल, आणि दोन्हीसाठी ते मान खाली घालून तयार होते.

"म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "तुमच्यापायी मी एवढं तिखट खाऊन राह्यली होती? माह्या पोटात रोज आग पडून राह्यली. पित्ताच्या गोया खाऊन राह्यली मी! मले वाटे, मानसाले दोन घास गोड लागले पायजे, मंग आपलं कसंही होवो. आगलावे! आधी सांगता नाही आलं?"

"मलेच माहीत नव्हतं."

"नाकवाले मिस्त्री म्हने!" तिने वाटलेला ठेचा बोटाने निपटून वाटीत काढला, वाटी लांब सरकवली आणि उठली. पाठ वळवून तिने डोळ्यांना पदर लावला. मिरचीचे हात डोळ्यांजवळ गेले म्हणून लावला असेल. जगदेवांनी तसं समजायचं नाकारलं. आज त्यांनी परस्पर समजून घेण्याचं काम बंद ठेवलं होतं.

तिने कुकरमधलं तुरीचं वरण घोटलं. लोखंडी पळीत तेल तापवलं, जिरं टाकलं, लसूण टाकला, चिमूटभर हिंग, आणि वरणात ती पळी तशीच बुडवली. चर्र झालं. वाफ उठली. तिने त्या वाफेवर वाकून, डोळे मिटून, एक लांब श्वास घेतला, आणि तिचा चेहरा किन्हीराजाच्या ओसरीवरच्या त्या बाईसारखा झाला, जिला फोडणीसाठी जीप पाठवत. जगदेव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनीही डोळे मिटून घेतले, म्हणजे मनाने आपल्या कोठारातलं जुनं काही काढून पुढे करू नये.

"कसा येऊन राह्यला वास?" त्यांनी विचारलं. "सांग न."

रंगूबाईला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. पळी भांड्याच्या काठावर टेकल्याचा आवाज झाला.

"वरनाचा वास," ती म्हणाली. "कसा राह्यते? वरनासारखाच येऊन राह्यला." आणि मग, जरा थांबून, "चांगला आला हाय पन."

"मंग उद्या गोमतीबाईले फोन लाव," जगदेव म्हणाले. "सांग तिले, हाताले चव हाय."